पाठवलेला माणूस

आक्काने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहूनसुद्धा हातातल्या चादरी आधी कपाटात नीट रचून ठेवल्या. पुढे पोलिसांनी विचारलं, मेट्रनबाईंनी विचारलं, घरच्यांनी आडून आडून विचारलं, तेव्हा ती सगळ्यांना एकच सांगायची, की मला दिसलं, पण कळलं नाही. डोळे एक सांगत होते आणि मन म्हणत होतं, छे, भलतंच काहीतरी. त्या दोघांच्या ओढाताणीत चादरी कपाटात गेल्या. असं का झालं ते समजायचं तर आधी आक्का कोण, आणि त्या खोलीत उभा होता तो माणूस तिचा कोण लागत होता, हे सांगायला हवं.

आक्का एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला होती. इमारतीच्या तळघरातली लांबट खोली, एका भिंतीशी कपडे धुण्याची दोन अजस्र यंत्रं, समोर सुकवण्याचं यंत्र, मध्ये इस्त्रीचं टेबल. साबणाचा आणि तापलेल्या कापडाचा वास तिच्या अंगात इतका मुरला होता की रजेच्या दिवशीही नात तिला हुंगून म्हणायची, आजी, तुला आत्ताच धुतलंय वाटतं. खिडक्या होत्या त्या छताला टेकलेल्या, अरुंद, आणि त्यांतून बाहेरच्या वाटेवरची नुसती पावलं दिसायची. आक्का माणसं पायांवरून ओळखायची. मेट्रनबाईंच्या टाचा दिसल्या की चहाचा कप यंत्रामागे सरकायचा. वर कोणाचं जेवण तुटलंय, कोणाला घाम फुटतोय, हे तिला चादरी सांगायच्या. धुलाईघरातून ती फारशी वर जात नसे, पण वरची सगळी म्हातारी मंडळी तिला घरच्यासारखी ठाऊक होती.

देवावर तिची श्रद्धा होती, पण ती भोळीभाबडी नव्हती. तशी राहायची सोयच नव्हती. नवरा क्रेन चालवायचा, तो ऐन उमेदीत फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. पदरी लहान मुलगा. पुढे भाड्याची खोली होती ती एका दुपारी आगीत जळाली, तेव्हा अंगावरचे कपडे तेवढे उरले. देव चांगला असेल तर हे का, हा प्रश्न तिला कोणी शिकवावा लागला नाही. तिने त्याचं उत्तर मात्र स्वतःच शोधून काढलं होतं. नवरा गेला तेव्हा समोरच्या घरातली बाई, जिच्याशी कचऱ्याच्या डब्यावरून वर्षभर अबोला होता, ती न बोलावता आली आणि पोराला आपल्या घरी जेवूखाऊ घालत राहिली. खोली जळाली तेव्हा एका अनोळखी स्कूटर मेकॅनिकने गॅरेजमागची खोली उघडून दिली. आक्का म्हणायची, दुःख का देतो ते त्याचं त्यालाच माहीत, पण नुसतं दुःख देत नाही, मागोमाग माणूस पाठवतो. तिचा मेहुणा चेष्टेने म्हणायचा की तुझा देव म्हणजे माणसं पुरवणारा ठेकेदार दिसतोय. ती म्हणायची, असू दे, काम चोख आहे त्याचं.

मग एका वर्षी तिचा गुडघा धरला. जिना उतरायचा तर खेकड्यासारखं आडवं व्हायला लागे. डॉक्टर झाले, तेलं झाली. नोकरी सोडावी लागणार असं दिसायला लागलं आणि त्याच सुमाराला वरच्या मजल्यावर नवा पुरुष नर्स रुजू झाला. सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. चाळिशीचा, सडपातळ, रबरी तळव्यांचे पांढरे बूट घालणारा, त्यामुळे तो आला की पावलांचा आवाज नसे. त्याने आक्काला जिन्यावर पाहिलं, काही न विचारता टॉवेलची गुंडाळी केली, तिला खुर्चीवर बसवलं, गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाला, दाबा, धरून ठेवा, सोडा. रोज दुपारच्या सुट्टीत तो खाली यायचा आणि हे करून घ्यायचा. हिवाळा सरेपर्यंत आक्का सरळ चालायला लागली.

त्यानंतरही तो येत राहिला. मोठ्या चादरीच्या घड्या एकटीने होत नाहीत. तो दोन टोकं धरायचा, ती दोन, दोघं चालत जवळ यायची, टोकाला टोक लागायचं, परत मागे. बोलणं फार नसायचं. वर तो म्हाताऱ्यांची नखं कापायचा, प्रत्येकाच्या लेकीसुनांची नावं लक्षात ठेवायचा, चिडक्यातल्या चिडक्या माणसाला दोन घास जास्त भरवायचा. कोणी गेलं की तो आक्काला वर बोलावून घ्यायचा, कारण नातेवाईक पोचेपर्यंत माणूस एकटा राहू नये असं त्याचं म्हणणं होतं. मग दोघं पलंगाशी उभं राहून प्रार्थना करायची. त्याचा आवाज प्रार्थनेत हलका कापायचा.

रोज पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून आक्का देवाशी बोलायची. आधी मुलाचं नाव, मग सुनेचं, नातीचं, आणि मग ब्रदरचं. याला सुखी ठेव म्हणायची, तूच पाठवलास त्याला.

त्याच्या हातून खायला तयार नव्हती अशी एकच बाई त्या मजल्यावर होती. शाळेत भूगोल शिकवायच्या त्या, म्हणून भूगोलाच्या बाई. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. ब्रदर चमचा घेऊन आला की त्या तोंड भिंतीकडे फिरवायच्या. आजारपणाने स्वभाव बिघडलाय, असं सगळे म्हणायचे. आक्काने एकदा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत समजूत घातली होती, की बाई, अहो, याच्यावर काय रुसता, याच्यासारखा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. बाईंनी तिच्याकडे जे पाहिलं, ते पाहणं आक्काला तेव्हा हट्टाचं वाटलं होतं.

आणि घड्याळजी होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता हाताला कंप. त्यांची मुलगी दातांची डॉक्टर. देवाचं नाव काढलं की नाक मुरडणारी, पण वडिलांसाठी जीव टाकणारी. घड्याळजी एका साध्याशा दुपारी गेले. सकाळी तर मजेत होते, हसले होते. आक्का आणि ब्रदर त्यांच्या पलंगाशी उभे राहिले. ब्रदरच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी धावतपळत आली आणि त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आता ती दुपार. जेवणं उरकली होती, अख्खा मजला पेंगत होता. लिफ्ट बिघडली होती म्हणून चादरी न्यायला कोणी येईना, तेव्हा आक्का स्वतःच गठ्ठा घेऊन जिन्याने वर गेली. भूगोलाच्या बाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ते खांद्याने ढकललं. ब्रदर पलंगाशी ओणवा उभा होता, पाठमोरा, आणि त्याच्या दोन्ही हातांखाली उशी होती. उशीच्या खाली बाईंचा चेहरा होता.

त्याने मान वळवून आक्काकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आक्का, हळू. आत्ता कुठे झोप लागलीय."

आणि आक्का हळू झाली. इतक्या वर्षांची सवय. त्याने हळू म्हटलं की हळू व्हायचं. ती पाय न वाजवता कपाटाशी गेली, दार उघडलं, चादरी ठेवल्या, वरची जरा वाकडी बसली होती ती सरळसुद्धा केली. मग तिची नजर पलंगाच्या पायथ्याशी गेली. पांघरुणाखाली बाईंचा डावा पाय, चांगला असलेला एकुलता एक पाय, गादी खरवडत होता.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तिने उशी ओढली. बाईंचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. बाईंनी श्वास घेतला, त्याचा आवाज दार करकरल्यासारखा आला. ब्रदर बाजूला झाला आणि हात बांधून खिडकीशी उभा राहिला, रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहावी तसा. आक्काने घंटीचं बटण दाबलं ते सोडलंच नाही. माणसं धावत आली तेव्हा तो पुढे झाला आणि बाईंचे तळवे चोळायला लागला, आणि पाहणाऱ्याला वाटावं की बाईंना झटका आला आणि हा वाचवतोय.  आक्काने त्याच्याकडे बोट केलं. मेट्रनबाई म्हणाल्या की आक्का, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. त्या क्षणी आक्काला स्वतःलासुद्धा वाटलं, की देवा, गैरसमजच असू दे. पण बाईंनी डाव्या हाताने आक्काचा ॲप्रन मुठीत धरला होता, आणि नजर ब्रदरवरून हलवली नव्हती. मेट्रनबाईंनी ती नजर पाहिली. त्यांनी ब्रदरला शेजारच्या खोलीत नेऊन दाराला बाहेरून कडी लावायला सांगितली.

तो पळाला नाही, ओरडला नाही. पोलिस त्याला घेऊन गेले तेव्हा जाताजाता त्याने एका आजोबांची घसरलेली शाल वर केली.

मग एकेक बाहेर येत गेलं. भूगोलाच्या बाई पहिल्या नव्हत्या. घड्याळजी होते, त्यांच्या आधी आणखी होते. नेमके किती, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि कोणाला शोधताही आलं नाही. ती सगळी नावं ऐकताना आक्काला आठवत होतं, की या प्रत्येकाच्या उशाशी आपण त्याच्या शेजारी हात जोडून उभ्या होतो. पोलिस अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने विचारलं की गेलेल्या लोकांचे उशीचे अभ्रे तुमच्याकडे यायचे ना, त्यांवर काही दिसलं का, लाळ, रक्ताचा ठिपका, काही. आक्का म्हणाली, दिसलं असेल, साहेब. म्हाताऱ्या माणसांच्या अभ्र्यांवर काही ना काही असतंच. मग त्यांचं काय केलंत, असं त्याने विचारलं. आक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "धुतले. पांढरेशुभ्र करून परत वर पाठवले. माझं कामच ते."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. आक्का मात्र त्या वाक्यात अडकून बसली ती कित्येक दिवस.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सवयीने खिडकीशी बसली. मुलाचं नाव घेतलं, सुनेचं, नातीचं. चौथं नाव जिभेवर आलं आणि ती अर्ध्यातच थांबली. रोज, न चुकता, ती हे नाव देवापुढे घेत आली होती. आभार मानत आली होती. आणि तो ऐकत होता. माणसाला फसवता येतं, आक्का फसली, मेट्रनबाई फसल्या. पण वर बसून ऐकणाऱ्याला तर सगळं माहीत होतं. एक बाई रोज पहाटे एका खुन्यासाठी आपले आभार मानतेय, आणि हा गप्प. ती खिडकीकडे बघत एवढंच म्हणाली, "एकदा तरी खाकरायचं होतंस."

त्यानंतर तिने खिडकीशी बसणं सोडलं.

लोक मात्र सोडत नव्हते. वृद्धाश्रमात, बसथांब्यावर, दुकानात, जो तो म्हणे, आक्का, देवानेच तुम्हाला त्या दुपारी वर पाठवलं. धाकटी बहीण घरी आली आणि तिने तर आणखी पुढचं जुळवून आणलं. तिचं म्हणणं असं, की बघ ना, लिफ्ट बंद पडली, नाहीतर तिच्या आवाजाने तो सावध झाला असता. आणि जिना चढलीस ती कशाच्या जोरावर, तर त्यानेच बऱ्या केलेल्या गुडघ्याच्या. त्याच्याच हातून देवाने त्याला धरायची सोय करून ठेवली. बहीण हे चांगल्या मनाने बोलत होती, डोळे पुसत बोलत होती. आक्काने तिचा चहा होईपर्यंत वाट पाहिली.

मग म्हणाली, "घड्याळजी गेले त्या दुपारी मी कुठे होते, माहितीये? खाली. इस्त्री करत. गुडघा तेव्हाही बरा होता. एवढा लांबचा डाव मांडण्यापेक्षा त्याने मला तेव्हाच वर पाठवायचं होतं. मला पाठवलं म्हणू नकोस. मला पाठवलं असेल, तर मग त्यांना मुद्दाम सोडलं असं होतं."

 ज्या वाक्यावर तिने सगळं आयुष्य तोललं होतं, तेच तिने आपल्या हाताने मोडलं होतं. कारण माणूस पाठवतो म्हणायचं तर समोरची बाई त्यानेच पाठवली, मेकॅनिक त्यानेच पाठवला, आणि मग ब्रदरही त्यानेच पाठवला. त्यातला एक तेवढा वेगळा काढायचा, तर कोणत्या तोंडाने?

प्रार्थनागृहातल्या वयस्क धर्मगुरूंकडे ती गेली, कारण ते तिला वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले की देवाने माणसाला मोकळं सोडलंय. चांगलं करायलाही मोकळं आणि वाईट करायलाही. हात बांधले तर चांगुलपणालाही अर्थ उरणार नाही. आक्काला ते पटण्यासारखं वाटलं, आणि तरी घशाखाली उतरेना. ती म्हणाली, "ब्रदरला मोकळं ठेवलं, हे कळलं. बाईंची एक बाजू आधीच बांधलेली होती. त्यांना कुठे मोकळं ठेवलं होतं?"

धर्मगुरूंनी हातातला चष्मा पुसला. मग म्हणाले की हे उत्तर लांबून पाहायला पुरतं, पलंगाशी उभं राहून पाहिलं की पुरत नाही, आणि दुसरं माझ्याकडे नाही. आक्काला त्यांचा राग आला नाही. ती निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत पोचवायला आले.

घड्याळजींची मुलगी एके दिवशी थेट तळघरात आली. आक्काला खिडकीतून आधी तिचे बूट दिसले, वाटेवर येरझाऱ्या घालणारे, आत यावं की न यावं असं करणारे. आली तेव्हा चेहरा कोरडा होता. तिने देवाबद्दल टोमणा मारला नाही, आक्काला दोष दिला नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. पोलिसांनी सगळं सांगितलं होतं पण हे कोणालाच माहीत नव्हतं.

"बाबा तेव्हा जागे होते का, आक्का?"

आक्काला नाही म्हणून टाकता आलं असतं. जीभ पुढेही झाली होती. पण पोरीच्या डोळ्यांत पाहून खोटं बोलवेना. मला माहीत नाही, एवढंच ती म्हणाली. मुलगी इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी राहिली. म्हणाली की मी त्याला भेटायला जाऊन विचारणार होते, तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मला त्याच्या खांद्याचा वास आठवतो, मी त्यावर रडले होते. 

"मी विचारते," आक्का म्हणाली.

मुलाने विरोध केला, सुनेने केला. आक्का गेली. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत मधोमध जाड काच होती आणि बोलायला फोनसारखा रिसीव्हर. तो आला. जरा बारीक झाला होता, केस बारीक कापले होते, बाकी तोच. आक्काने वाटेत मनाची तयारी केली होती, की तिथे कोणीतरी निराळा बसलेला असेल, चेहऱ्यावरून कळेल असा. समोर ब्रदरच बसला होता. त्याने रिसीव्हर उचलला आणि म्हणाला, "गुडघा कसा आहे?"

 त्याला खरोखरच काळजी होती. हे नाटक नव्हतं. तिने घड्याळजींचं विचारलं. तो आठवायला लागला, त्याच्या कपाळावर आठीही पडली, आणि म्हणाला की नाही, ते झोपेत होते. आक्काने त्याच्या चेहऱ्यावर खरंखोटं शोधून पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

तिला उठून जायचं होतं. पण तोंडून निघून गेलं, "का रे?"

तो विचारात पडला. कोणी अवघड पत्ता विचारावा तसा. मग म्हणाला, "शांत वाटायचं. त्यांना नाही, मला. सगळं आत एकदम शांत. तुमच्याबरोबर चादरींच्या घड्या घालताना वाटायचं ना, तसंच."

 तो पुढे म्हणाला की प्रार्थनाही मी खोटी करत नव्हतो, आक्का. तेवढं तरी तुम्ही मनात धरू नका. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. बाहेर येऊन ती भिंतीशी बसली, तेव्हा पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं. ग्लास तिने शेजारी फरशीवर ठेवला.

ती इतके दिवस समजत होती की चांगुलपणाचा मुखवटा होता आणि आत सैतान होता. तसं असतं तर बरं होतं. मुखवटा काढून फेकता आला असता. पण त्या माणसाचा चांगुलपणाही खराच होता, आणि तो त्याच हातांत, त्याच शांतपणात राहत होता. देवाने चांगुलपणा असा कसा केला, की तो खुनाच्या शेजारी नांदू शकतो, आणि त्याला शिसारीसुद्धा येत नाही? हा प्रश्न तिने धर्मगुरूंनाही पुढे कधी विचारला नाही. तो कोणाला विचारायचा असतो हेच तिला कळेना.

घड्याळजींच्या मुलीला तिने फोन केला. तो म्हणतो ते झोपेत होते, असं सांगितलं.  मग मुलगी म्हणाली की तो खोटं बोलत असेल. आक्का म्हणाली, असेल. मुलगी म्हणाली, तरी ठेवून घेते. चादरींचं जे ऐकलं ते आक्काने तिला सांगितलं नाही, घरीही सांगितलं नाही.

गुडघ्याचा व्यायाम तिने बंद केला. टॉवेलची गुंडाळी दिसली तरी ती उलगडून टाकायची. महिन्याभरात गुडघा पुन्हा सुजला, ती पुन्हा आडवी उतरायला लागली, आणि या वेळी त्यात तिला एक कडवट समाधान होतं. शेवटी सून वैतागली. सून तशी कमी बोलणारी. तिने टॉवेल गुंडाळला, सासूला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आई, गुडघा तुमचा आहे. त्याला द्यायचा नाही." आक्काने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग दाबला.

भूगोलाच्या बाई जगल्या. त्यांनी आपल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवायला लावलं, आणि नवीन कोणी चमचा घेऊन आलं की त्या आधी आक्काला बोलवायला खुणावायच्या. आक्काने त्यांची माफी मागितली. तुम्ही तोंड फिरवत होता आणि मी तुम्हालाच समजावत होते, असं म्हणाली. बाईंनी तिचा हात थोपटला आणि लगेच ढकलूनही दिला, जसं शाळेत चुकलेल्या पोरीला जागेवर जा म्हणावं.

त्याच दिवसांत आक्काने एकदा संध्याकाळी दारातून पाहिलं आणि ती थबकली. बाई हात जोडत होत्या. उजवा हात मेलेला, तो डाव्या हाताने उचलून छातीशी आणायचा, वर डावा तळवा टेकवायचा, आणि उजवा घसरला की पुन्हा उचलायचा. ओठ हलत होते. आक्का आत गेली. तिचा विश्वासच बसेना. ज्यांच्या तोंडावर उशी दाबली गेली, त्या अजून देवाशी बोलतात, आणि जी दारात उभी होती तिचं बोलणं संपलं.

"बाई, तुम्ही अजून त्याचे आभार मानता?" तिने विचारलं.

बाईंनी मान हलवली, नाही. जोरात हलवली. मग डाव्या हाताची मूठ केली आणि गादीवर मारली. पुन्हा मारली. डोळे छताकडे लावून, भिवया ताणून, न बोलता त्या देवाला असं काही झापत होत्या की एखाद्या अख्ख्या वर्गाने खाली माना घातल्या असत्या. मग थकल्या, आणि उजवा हात पुन्हा उचलून छातीशी आणला.

आक्का पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. हे असंही करता येतं, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आभार मानायचे किंवा उठून जायचं, एवढंच तिला माहीत होतं. तिने हात जोडले नाहीत. मुठी मांडीवर तशाच आवळून ती बाईंच्या शेजारी अंधार पडेपर्यंत बसून राहिली, आणि मनातल्या मनात त्याला जे जे म्हणायचं होतं ते सगळं म्हणाली. एक शब्द चांगला नव्हता त्यात.

ब्रदरला जन्मठेप झाली. मेट्रनबाईंनी नोकरी सोडली. वृद्धाश्रम बंद पडता पडता राहिला. आक्का अजून तिथेच आहे, पण चादरी न्यायला कोणी खाली येण्याची वाट पाहत नाही. ती वेळी-अवेळी स्वतः चादरी घेऊन वर जाते, खोलीखोलीत डोकावते, आणि नव्या मेट्रनबाईंना हे आवडत नाही तरी ऐकत नाही. पाठवतो बिठवतो हे ती आता कोणाला सांगत नाही. समोरच्या घरातल्या बाईचं, मेकॅनिकचं मात्र आठवून बोलते. ती माणसं आली होती, हे तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, फक्त कोणी पाठवली ते ती सांगत नाही.

पहाटे ती पुन्हा खिडकीशी बसते. आता नावं घेते ती वरच्या मजल्यावरच्या माणसांची, एकेका खोलीतल्या, आणि आवाज विनवणीचा नसतो. आज लक्ष ठेव म्हणते, मीही ठेवतेय. धाकट्या बहिणीने मध्यंतरी दबकत दबकत विचारलं, की झालं का गं तुझं आणि देवाचं मिटवून? आक्का पालेभाजी निवडत होती.

"बोलणं चालू आहे," ती म्हणाली. "पटलेलं काही नाही."